आपांची पिवळी रेघ

आपा कुठलीही गोष्ट सरळ केल्याशिवाय कापत नसत. दोरा असो, चामडं असो, काकडी असो नाहीतर वेल्डिंगच्या गनमधला लायनर असो. आधी ती वस्तू लांब अंथरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्यावरून उजवा अंगठा फिरवायचा, क्षणभर थांबायचं आणि मगच कात्री नाहीतर सुरी. जेवणाच्या सुट्टीत डब्यातली काकडीसुद्धा त्या ताटलीत नीट आडवी ठेवून तिच्यावरून अंगठा फिरवत. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच मोठ्यानं हसायचो, कारण मी त्यांच्यावर जळायचो. आता हे सांगायला लाज कसली? माणूस ज्याच्यावर पाच वर्षं जळतो त्याला तो जितकं बारकाईनं बघतो, तितकं बायकोलासुद्धा बघत नाही. त्यामुळे आपांबद्दल लिहायचा हक्क माझ्याइतका कुणालाच नाही.

आमचा कारखाना वाळूजला. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या बनवतो. चौदा वेल्डिंग मशिनी, चौदा गन, आणि त्या सगळ्यांची देखभाल माझ्याकडं, कारण डिप्लोमा झालेला मी एकटा. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात पणजोबांपर्यंत भिक्षुकी होती, मग आजोबा आणि वडील कचेरीत कारकून. हातात पाना धरणारा मी पहिलाच. वडील म्हणायचे, "आपल्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाची नखं काळी झाली बाबा." म्हणून असेल, पण इस्त्रीची पँट आणि मोत्यासारखं अक्षर या दोन गोष्टी मी कारखान्यातही सोडल्या नाहीत. गन अडली की शेडच्या कुठल्यातरी टोकाकडून हाक यायची, "ओ इंजिनेर साहेब!" या हाकेसाठीच मी रोज कामावर जायचो असं म्हटलं तरी चालेल.

आपा आल्या त्या शिवायला. शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं छोटं दुकान होतं. परकर, सलवारी, फॉल-पिको. तयार कपड्यांच्या दुकानांनी ते बसवलं. इकडं आमच्या वेल्डरांचे चामड्याचे एप्रन आणि बाह्या महिन्याभरात फाटायच्या. शेठनं कुणाकडून तरी त्यांचं नाव ऐकलं आणि स्टोअरच्या कोपऱ्यात एक जाड शिलाई मशीन टाकून त्यांना बसवलं. पन्नाशीच्या बाई. सकाळी सिटी बसनं यायच्या, बुरखा खिळ्याला टांगायच्या, चष्मा पुसायच्या आणि "बिस्मिल्ला" म्हणून पायडलवर पाय ठेवायच्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. मीही म्हणायचो. पहिले सहा महिने मी त्यांच्याशी फार चांगला वागलो. ज्याच्यापासून आपल्याला काही धोका नाही त्याच्याशी चांगलं वागायला काय लागतं?

पुढचं कळायला लायनर म्हणजे काय ते सांगावं लागेल. आमच्या वेल्डिंगमध्ये तारेचं मोठं रीळ असतं. मशीनमधली दोन चाकं ती तार ढकलत राहतात. ती जाड रबरी पाइपातून तीन मीटर प्रवास करून गनच्या तोंडाशी, टिपेतून बाहेर येते आणि वितळते. त्या पाइपाच्या आत तारेला जायला पोलादी स्प्रिंगची एक बारीक लांब नळी असते, तिला लायनर म्हणतात. घरातल्या पडद्याच्या स्प्रिंगसारखीच दिसते. रोज तार घासून घासून ती झिजते, तिच्यात तांब्याचा भुगा साचतो. मग तार अडखळायला लागते, वेल्डिंग ठिणग्या थुंकतं, आणि एक दिवस चाकांपाशी तारेचा हा एवढा गुच्छा होतो. मग लायनर बदलावाच लागतो.

माझी पद्धत अशी होती. तार अडखळली की आधी चाकं आवळायची. मग टिप बदलायची. मग तार बनवणाऱ्याला शिव्या द्यायच्या. हे तिन्ही उपाय थकले की गन टेबलावर आणायची, पाइपाचं वेटोळं करून ठेवायचं, उभ्या उभ्याच जुना लायनर ओढून काढायचा, नवा ढकलायचा, तोंडाशी कचकन कापायचा. काम झालं! दोन दिवसांनी तीच गन परत यायची हे खरं, पण तो तारेचा दोष. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं आमच्याकडं तार वाकडी.

एकदा काशिनाथची गन आली. काशिनाथ पाचोडचा, आमचा सगळ्यात जुना वेल्डर, हात सोन्याचा आणि तोंड फाटकं. नवा लायनर निम्म्यापर्यंत गेला आणि अडला. मी जोर लावला. तो आत दुमडला. मी आणखी जोर लावला. कपाळावर घाम, भोवती चार वेल्डर हाताची घडी घालून उभे. तेवढ्यात शिलाई मशीनचा आवाज थांबला.

"भाऊ," आपा कोपऱ्यातून म्हणाल्या, "परकराची नाडी कधी ओवली काय?"

चौघंही फिसकन हसले. मी मान वर केली नाही.

"ढकलून जात नाय ती. वीतभर वीतभर द्यावी लागती. अन् जरा जरा फिरवावं लागतं. थांबा."

त्या उठून आल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या. कुणाला काही न विचारता पाइपाचं वेटोळं सोडलं, एक खुर्ची आणि दोन डबे सरकवायला लावले आणि तीन मीटरचा पाइप फरशीवर सुतासारखा अंथरला. मग अंगठा फिरवला. हवेच्या नळीनं पाइप आतून झाडला, आणि दुसऱ्या टोकाशी आपला पांढरा रुमाल धरला. रुमालावर काळा-तांबूस भुगा आला. पुन्हा हवा, पुन्हा रुमाल. रुमाल स्वच्छ निघेपर्यंत त्यांनी लायनरला हात लावला नाही. मग तो चिमटीत फिरवत, वीत वीत, नाडी ओवावी तसा आत घातला. तोंडाशी थोडा बाहेर ठेवून कापला, आणि चामडं टोचायच्या दाभणानं कापलेल्या टोकाचं भोक आतून गोल केलं. "हितं कणी राहिली तर तार सोलून निघती," एवढंच म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

काशिनाथनं ट्रिगर दाबला. शेगडीवर तेलात मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "आपा, लई गोड चालतीय ओ!"

गोड! अकरा वर्षांत काशिनाथनं माझ्या कुठल्याही कामाला गोड म्हटलं नव्हतं. "चालतंय," म्हणायचा. "बघू," म्हणायचा. माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं ते पुढं पाच वर्षं थांबलं नाही.

हळूहळू हाक बदलली. "ओ इंजिनेर साहेब" कमी झालं आणि "आपाऽऽ" वाढलं. गन घेऊन वेल्डर माझ्या टेबलावरून पुढं जायचे, जाताना मला "नमस्कार साहेब" करायचे, आणि गन आपांच्या पायाशी ठेवायचे. नमस्कार नसता केला तर बरं झालं असतं. आपा एप्रन बाजूला ठेवून खाली बसायच्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "अल्ला, काय हाल केले बिचारीचे!" हे वाक्य गनसाठी आहे हे मला कळत होतं, पण ती गन चार दिवसांपूर्वी मीच दुरुस्त केलेली असायची. मग ते वाक्य कुणासाठी आहे, हेही मला कळायचं.

पाइप दर वेळी नीट सरळ यावा म्हणून त्यांनी शिंप्याच्या खडूनं फरशीवर एक रेघ मारली. झाडूवाली ती रोज पुसायची, आपा रोज पुन्हा मारायच्या. एक दिवस शेठनं बघितलं. "ही कसली रेघ?" आपांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि त्या खडूच्या रेघेवर पिवळ्या ऑइलपेंटची पक्की रेघ ओढून गेला. शेडमध्ये फोर्कलिफ्टच्या वाटेला पिवळी रेघ, आग विझवायच्या बाटल्यांपुढं पिवळी रेघ, आणि तिसरी आपांची. रेघेवर गन असली की शेठसुद्धा वळसा घालून जायचे. माझ्या डिप्लोम्याच्या चौकटीला अकरा वर्षांत कुणी रंग दिला नव्हता. मी मुद्दाम त्या रेघेवर पाय देऊन जायचो. सांगतो ना, माणूस जळायला लागला की असा पाचवीतल्या पोरासारखा होतो.

आणि बाई वाईट असती तरी एक वेळ बरं होतं. तसंही नाही. शुक्रवारी डबाभर खिचडी आणि चिंचेचं खट्टं आणायच्या. पहिला घास मला. "भाऊ, तुमच्यासाठी येगळं काढलंय, कांदा कमी." मी मनात म्हणायचो, आज खायचं नाही. आणि बोटं चाटून खायचो. मग हात धुताना स्वतःवरच चिडायचो.

जुने लायनर आम्ही भंगारात टाकायचो. आपांना ते बघवत नव्हतं. त्या झिजलेला लायनर केरोसिनमध्ये बुडवून पुसायच्या, चांगला भाग मापानं कापायच्या, दोन्ही टोकांना आकडे अडकवायच्या आणि घरी न्यायच्या. पडद्याची स्प्रिंग म्हणून. त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांचे पडदे आमच्या लायनरांवर लटकत होते. मग कारखान्यात वाटायला लागल्या. एक मलाही दिली. मी ती डब्याच्या पिशवीत तशीच ठेवली होती, पण बायकोच्या हाती लागली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा.

"किती ताठ बसलाय बघा," बायको म्हणाली. "बाजारची स्प्रिंग आठ दिवसांत लोंबते. त्या आपांना विचारा ना, हॉलसाठी अजून एक मिळेल का?"

आता सांगा, माणसानं जावं कुठं? कारखान्यात आपा, घरी आपा. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या पडद्याकडं बघायचो आणि तो कुठंतरी लोंबतोय का ते शोधायचो. लोंबत नव्हता.

शेवटी मी चोरी केली.

झालं असं की एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस आमच्या वेल्डिंगचे नमुने तपासायला येणार होता. काम मिळालं तर शेठ गन-दुरुस्तीचा वेगळा विभाग करणार होते. वेगळं टेबल, कुलपाचं कपाट आणि त्याला एक प्रमुख. शेठ म्हणाले, "तपासणीच्या दिवशी ज्याच्या गन अडणार नाहीत त्याला." बोलताना ते माझ्याकडं बघत होते की आपांकडं, यावर मी दोन दिवस विचार केला. ते टेबल मला हवंच होतं. ते आपांना मिळालं असतं तर काशिनाथसमोर उभं राहायला मला तोंड राहिलं नसतं.

आपांचं गुपित त्या शेवटच्या कापण्यात आहे अशी माझी खात्री होती. लायनर तोंडाशी नेमका किती बाहेर ठेवायचा? त्या पट्टी वापरत नसत. डोळ्यानं बघायच्या आणि कापायच्या. शिवणकामात कापताना थोडी माया सोडतात तशी म्हणे. मग त्या जेवायला गेल्या असताना मी त्यांनी केलेल्या सात नंबरच्या गनचं नोझल, म्हणजे तोंडावरची टोपी काढली, टिप काढली, आणि मिलीमीटर मोजायचा व्हर्नियर लावला. एकोणीस मिलीमीटर. डायरीत माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "लायनर, माझी पद्धत: १९ मि.मी." आणि खाली दोन रेघा ओढल्या. हो, माझी पद्धत! असं लिहिलं मी.

तपासणीच्या आदल्या दिवशी आपा भाचीच्या लग्नाला रजेवर होत्या. सात नंबरच्या गनवर नमुने होणार होते, तेव्हा तिच्यात कोरा लायनर टाकायचं मी ठरवलं. हवा मारली. रुमाल धरला, माझा स्वतःचा. वीत वीत फिरवत लायनर घातला. दाभण नव्हतं म्हणून बारीक कानस वापरली. सगळं आपांसारखं. राहिलं होतं ते फक्त पाइप पिवळ्या रेघेवर अंथरून खाली बसायचं. मी रेघेपाशी गेलोसुद्धा. काशिनाथ आणि दोघंतिघं चहा पीत तिकडंच बघत होते. आणि माझे गुडघे काही वाकेनात. इस्त्रीच्या पँटीत, सगळ्यांसमोर, त्यांच्या रेघेशी मी बसायचं? मी परत फिरलो. टेबलावर पाइपाचं वेटोळं केलं, व्हर्नियरनं एकोणीस मोजले आणि उभ्यानंच कापलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा माणूस आला. पांढरा शर्ट, हातात वही. शेठ त्याच्या शेजारी. काशिनाथनं पाइप खेचून गन घेतली, पहिला नमुना झकास झाला. दुसऱ्याला तार एकदा अडखळली. तिसऱ्याला मशीनमधून तो ओळखीचा आवाज आला, कर्रर्र, आणि चाकांपाशी तारेचा गुच्छा.

शेठनं विचारलं, "लायनर कुणी टाकला?"

मी काही बोलायच्या आत आपा पुढं आल्या. लग्नाची मेंदी अजून हातावर ताजी होती. त्यांनी नोझल काढलं, टिप काढली, आत बघितलं. मला वाटलं, बाई चांगली आहे, सांभाळून घेईल. तार खराब आहे म्हणेल.

"भाऊंनी टाकलाय," आपा म्हणाल्या. "आखूड पडला. पाइप सरळ झाल्यावर आत गेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आखूड कसा? मी मोजून एकोणीस ठेवलाय!"

"माप बराबर हाय," आपा अगदी शांतपणे म्हणाल्या. "माझंच हाय ते माप. त्या दिवशी सात नंबरचं मोजून नोझल सैल ठेवलं होतं तुम्ही, मी आवळलं. माप बराबर घेतलं भाऊंनी. फक्त बसले नाय."

शेडमध्ये जो हशा झाला तो माझ्या कानात आजही आहे. पांढऱ्या शर्टवालासुद्धा हसला. शेठ हसले नाहीत, ते आणखी वाईट होतं. आणि आपा? त्या हसतही नव्हत्या आणि रागावल्याही नव्हत्या. त्यांनी गन माझ्या हातात दिली, पिवळी रेघ दाखवली आणि म्हणाल्या, "बसा की भाऊ. येळ जातोय लोकांचा."

मी बसलो. इस्त्रीच्या पँटीत, सगळ्यांच्या देखत. आपा पलीकडच्या टोकाला बसल्या. त्यांनी पाइप धरला, मी लायनर फिरवत घातला. कापायच्या आधी माझा हात पत्रा कापायच्या कात्रीकडं गेला तसा त्यांनी तो धरला आणि माझा अंगठा पाइपावर ठेवला. मी अंगठा फिरवत गेलो. मध्यावर एका जागी पाइप किंचित उचललेला होता. डोळ्यांना दिसत नव्हता, अंगठ्याला लागला. मी तो दाबून बसवला आणि लायनर तोंडाशी नखभर आत सरकला. एवढ्याशा उंचवट्यानं एवढं, मग टेबलावरच्या वेटोळ्यानं माझं किती माप खाल्लं असेल! मी लायनर पुन्हा पुढं घेतला आणि कापला. वीस मिनिटांत गन सुरू झाली. उरलेले नऊ नमुने एका दमात झाले. काम आम्हाला मिळालं.

आणि टेबल? टेबल मला मिळालं! शेठनं आपांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "टेबल घेऊन मी काय करू शेठ? मी खाली बसणारी बाई. भाऊंना द्या, त्यांना उभं राहायला लागतं." तर असं ते टेबल माझ्याकडं आलं. कुलपाचं कपाटही आलं, दारावर माझी पाटी लागली. हवं ते सगळं मिळालं, आणि त्यातलं काहीच मला गोड लागलं नाही, कारण ते त्यांनी नको म्हटल्यावर मिळालेलं होतं. दुसऱ्यानं पुढं सरकवलेल्या ताटात जेवायला बसल्यासारखं वाटायचं. गन मात्र मी त्या दिवसापासून रेघेशी बसूनच करायला लागलो.

आपा कारखाना सोडून गेल्या त्या गुडघ्यांमुळं. आधी उठताना "या अल्ला" म्हणायला लागल्या, मग उठायला मशीनचा आधार लागायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, खाली बसायचं बंद. शेठ म्हणाले, खुर्चीवर बसून शिलाई करा. काही महिने केलीही. पण कुणाची गन आली की त्या खुर्चीतून पुढं झुकायच्या, मी रेघेशी बसलेला असायचो आणि त्या वरून बघत राहायच्या. त्यांना ते सोसत नव्हतं. एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, भुकेल्यासमोर जेवल्यासारखं करता तुम्ही." आठ दिवसांनी त्यांनी शेठना सांगून टाकलं.

शेवटच्या दिवशी खिळ्यावरचा बुरखा काढताना त्यांनी मला हाक मारली.

"एक काम सांगू? ते तुमच्या डायरीत लिहिलंय ना, लायनरचं. ते मला एका कागदावर लिहून द्या. चांगल्या अक्षरात. वर माझं नाव टाका."

"कशाला हो आपा?"

"घरात लावीन. चाळीस वर्षं शिवलं भाऊ. कॉलरला दुकानाचं नाव लागतं, शिवणाऱ्या बाईचं कुठंच लागत नाय. हे तरी माझं हाय की नाय?"

डायरीतलं ते "माझी पद्धत" मला आठवलं. लिहून देतो म्हटलं. त्या पानावर काय लिहिलंय हे त्यांना माहीत होतं का? मी विचारलं नाही.

घरी जाऊन मी ताव काढला. वडिलांनी पुस्ती गिरवून घेतली होती त्या सगळ्याचं चीज करायचं ठरवलं. आधी नाव. आणि तेव्हा लक्षात आलं की मला त्यांचं नावच माहीत नाही! दुसऱ्या दिवशी हजेरीचं रजिस्टर उघडून बघितलं. शेख नजमुन्निसा बेगम. हुद्दा, शिलाई. चौदा गन सांभाळल्या बाईनं, हुद्दा शिलाई. मी कागदावर ते नाव ठळक, मोठं, टाक घेऊन काढलं. खाली अकरा पायऱ्या लिहिल्या. नोझल आणि टिप काढणे, जुना लायनर ओढणे, रुमाल स्वच्छ निघेपर्यंत हवा मारणे, अंगठा फिरवणे, दाभणानं टोक गोल करणे. काही म्हणजे काही सोडलं नाही. रविवारी शहागंजला त्यांच्या घरी गेलो.

आपांची शाळा उर्दूतली, तीही चौथीपर्यंत. मराठी त्या अक्षर अक्षर लावून वाचतात. चष्मा पुसला, कागद चटईवर सरळ अंथरला, चारी कोपरे दाबले आणि ओळीखालून अंगठा सरकवत वाचायला लागल्या. नावाशी बराच वेळ थांबल्या. मग एक, दोन, तीन करत अकरापर्यंत गेल्या, आणि अंगठा परत वर आणला.

"पहिलं काम कुठंय?"

"हे काय. एक, नोझल काढणे."

"नाय भाऊ. त्याच्या आधीचं."

मी कागद पुन्हा वरून खाली वाचला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "खाली बसायचं कोण लिहिणार?"

अकरा पायऱ्या लिहिल्या होत्या मी, आणि पुन्हा तेच राहिलं होतं! मी खिशातून पेन काढलं. त्यांचं नाव आणि पहिली पायरी यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा होती. तिथं बारीक अक्षरात लिहिलं, "० – खाली बसणे." आपांनी वाचलं आणि म्हणाल्या, "आता बराबर."

कागद त्यांनी चौकट करून दारासमोरच्या भिंतीवर लावला. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज जरा फुरंगटलेला.

"भाऊ, तुमचा कागद मी काढून ठेवणार हाय."

"का हो? काय झालं?"

"जो येतो तो म्हणतो, अक्षर किती खूबसूरत, कुणाचं हाय? माझं नाव वाचतच नाय कुणी. गल्लीत सगळीकडं इंजिनेर भाऊचं अक्षर, इंजिनेर भाऊचं अक्षर. लई जळायला होतं मला. तुम्ही जळायचे ना, अगदी तसं."

मी गारच पडलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"अवो, अख्ख्या कारखान्याला माहीत होतं!"

आम्ही दोघंही खूप हसलो. खोटं कशाला बोलू, गल्लीत माझं अक्षर गाजतंय हे ऐकून मला फार बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं. मी म्हटलं, "आपा, जळा थोडं. जळणारा माणूस नीट बघायला शिकतो."

"मंग पाच वर्षं जळून तुम्ही काय बघितलं?" त्यांनी विचारलं.

मला फोनवर सांगता येईना. म्हटलं, लिहून कळवतो, आणि या खेपेला असं लिहितो की लोकांनी अक्षराकडं नाही, नावाकडं बघावं. शेख नजमुन्निसा बेगम. तेच लिहितोय आता. घरात टेबल आहे, खुर्ची आहे, पण खालीच बसलोय.